एमजीबीचं पुढचं सस्पेन्शन: लिव्हर शॉक ठेवावेत, की टेलिस्कोपिक बसवावेत?

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या पुढच्या सस्पेन्शनचा विषय निघाला की बोलणं लगेच स्प्रिंग किती कडक घ्यावी आणि गाडी किती इंच खाली आणावी यावर जातं. माझ्या मते त्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो. आर्मस्ट्राँग कंपनीचे मूळ लिव्हर शॉक (हात फिरला की आतल्या तेलाने धक्का शोषणारे) नीट करून ठेवायचे, त्यांच्या जोडीला टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणाऱ्या) शॉकचं किट लावायचं, की वरचा सगळा भाग काढून कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंगच्या आतच असलेले शॉक, बसवायचे? हे एकदा ठरलं की स्प्रिंग, बुश (सांध्यातले रबराचे तुकडे), उंची हे सगळं त्याच्या मागून सुचत जातं.

यातले पहिले दोन प्रकार मी माझ्याच गाडीवर चालवलेत. गाडी हातात आली तेव्हा आधीच्या मालकाने टेलिस्कोपिक किट लावलेलंच होतं. मी पुढे ते काढून लिव्हर शॉकवर परत आलो. कॉइलओव्हर मात्र मित्राच्या गाडीत अनुभवले, लांबचे प्रवास धरून. माझी गाडी क्रोम बंपरची, सुरुवातीच्या काळातली रोडस्टर, म्हणजे उघडी गाडी आहे. जीटीची बॉडी छतामुळे बरीच ताठ असते, म्हणून माझं म्हणणं जीटीवाल्यांना जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. रबर बंपरच्या गाड्यांचं गणित तर आणखी वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

लिव्हर शॉकबद्दल सर्वात आधी लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की एमजीबीच्या पुढच्या बाजूला तो नुसता शॉक नाही. त्याचा हात म्हणजेच वरचा विशबोन, चाकाला वरून धरणारा दांडा. खालचा विशबोन वेगळा आहे, स्प्रिंग त्याच्यावर बसते. पण किंगपिनचं, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या उभ्या खिळीचं, वरचं टोक ज्या ट्रनियनला (सांध्याच्या तुकड्याला) जोडलेलं असतं, तो ट्रनियन थेट शॉकच्या हातावर लटकतो. ही मांडणी 1947 च्या एमजी वाय-टाइपपासूनची. अॅलेक इसिगोनिस आणि जॅक डॅनियल्स यांनी आखलेली ती रचना एमजीच्याच टीडीमध्ये आली, एमजीएमध्ये आली, आणि थोड्याफार बदलांनी 1962 मध्ये एमजीबीखाली आली. त्याच वर्षी बाजारात आलेल्या ट्रायम्फ स्पिटफायरला पुढे कॉइल स्प्रिंगच्या आत टेलिस्कोपिक शॉक होते, त्यामुळे एमजीबीची रचना तेव्हाही थोडी जुन्या वळणाची वाटली असणार. पण ती 1980 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत टिकली.

एकाच वस्तूकडे दोन कामं असल्यामुळे ती झिजली की दोन्ही कामं बिघडतात. शॉकचा शाफ्ट त्याच्या बेअरिंगमध्ये ढिला झाला की नुसतं डॅम्पिंग (डोलणं आवरणं) कमी होत नाही, चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कलही हलायला लागतो. ब्रेक मारल्यावर किंगपिनचं वरचं टोक पुढे ओढलं जातं, तो ताणही याच हातावर येतो. मग ब्रेक लावताना आणि सोडताना पुढून एक बारीक ‘ठक’ ऐकू येतो. लोक स्टीअरिंग रॅक बदलतात, व्हील बेअरिंग बदलतात, आणि आवाज तसाच राहतो.

म्हणून तुलना करताना एक घोळ फार वेळा होतो. नवाकोरा टेलिस्कोपिक शॉक आणि तेल गळून रिकामा झालेला, शाफ्ट हलणारा लिव्हर शॉक यांची तुलना होते, आणि निकाल अर्थातच नव्याच्या बाजूने लागतो. बरोबरीची तुलना करायची तर दोन्ही धडधाकट हवेत.

तुमच्या गाडीचे लिव्हर शॉक कुठल्या अवस्थेत आहेत हे पाहायला फार काही लागत नाही. पुढचं चाक उचलून वर-खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. प्ले जाणवला तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंगचा होता. राहिला, तर किंगपिन, ट्रनियनचे बुश किंवा शॉकचा शाफ्ट. बॅटरी मारून शाफ्टजवळ पाहिलं की हात बॉडीत हलतो का ते दिसतंच. शॉक सुटा केल्यावर हात सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दोन्ही दिशांना, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा विरोध लागला पाहिजे. मध्येच हात मोकळा पडत असेल तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. तेल भरून, हात वर-खाली करून हवा काढल्यावरही तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गेला.

शॉक सुटा करण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. वरच्या ट्रनियनचा बोल्ट काढण्याआधी स्प्रिंग पॅनखाली जॅक पक्का लागलेला हवा. तो बोल्ट निघाला की दाबलेली स्प्रिंग फक्त जॅकच्या आधाराने थांबलेली असते. इथे घाई नको. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर अनुभवी माणूस शेजारी असू द्या.

आता टेलिस्कोपिक किटबद्दल. जी किट सर्रास लावली जातात त्यांत लिव्हर शॉक जागेवरच राहतो. त्याचा व्हॉल्व्ह काढून टाकतात, म्हणजे तो नुसता वरचा विशबोन म्हणून उरतो, आणि डॅम्पिंगचं काम शेजारी ब्रॅकेटवर बसवलेला टेलिस्कोपिक शॉक करतो. तत्त्व म्हणून यात चूक काही नाही. लिव्हर शॉकमध्ये पिस्टन फार थोडा सरकतो, त्यामुळे आतला दाब खूप असतो आणि तेल अगदी थोडं. खराब रस्त्यावर सतत काम पडलं की तेल तापतं आणि पकड सुटत जाते. टेलिस्कोपिक शॉकचा स्ट्रोक लांब, तेल जास्त, दाब कमी. डोंगरातल्या लांब उताराच्या वाकड्यातिकड्या रस्त्यावर माझी गाडी किटवर असताना शेवटच्या वळणालाही पहिल्या वळणासारखीच वागायची, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. शिवाय नॉब फिरवून कडक-मऊ करता येतं. त्यातलं समाधान मी स्वतः घेतलंय.

पण ज्या गळक्या लिव्हर शॉकच्या त्रासाला कंटाळून माणूस किटकडे वळतो, तो शॉक गाडीत राहतोच. त्याच्या शाफ्टच्या बेअरिंगला वंगण म्हणून तेल लागतंच. गळतं म्हणून कोणी ते पूर्ण काढून टाकलं तर बेअरिंग कोरडं चालतं आणि लवकर झिजतं. आधी तेल कमी झालं की गाडी डोलायला लागायची आणि मालकाला कळायचं. किट लावल्यावर डोलणं बंद होतं, त्यामुळे तेल कमी झाल्याची खूण मिळत नाही आणि वरचा विशबोन गुपचूप ढिला होत राहतो. थोडक्यात, किट लावायचंच असेल तर आधी लिव्हर शॉक चांगले हवेत. आणि ते चांगले असतील तर किट कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

तरीही मी किट काढलं ते या कारणाने नाही. कारण होतं आरसा.

सुरुवातीच्या रोडस्टरमध्ये काचेच्या मधोमध एक बारीक उभा रॉड असतो, विंडस्क्रीनच्या वरच्या पट्टीपासून खाली स्कटलपर्यंत, म्हणजे काचेखालच्या बॉडीपर्यंत. आतला आरसा त्या रॉडवरच बसवलेला. उघड्या गाडीची बॉडी मधून थोडी लवते. पुढून बारीक धक्के आले की आधी स्कटल थरथरतो, मग तो रॉड, आणि आरसा. किटवर असताना गुळगुळीत रस्त्यावर काही जाणवायचं नाही. मोठ्या खड्ड्यातही गाडी एकदा बसून लगेच सावरायची. त्रास व्हायचा मधल्या रस्त्यांवर: डांबराची ठिगळं, बारीक लाटा, सांधे असलेला काँक्रीटचा रस्ता, वेग बेताचा. अशा ठिकाणी आरशात मागच्या गाडीचे दिवे ठिपके न राहता दोन आडव्या रेघा व्हायच्या. मागची गाडी जवळ आहे की लांब, तेच कळायचं नाही. रात्री तर मी मान वळवून मागे पाहायला लागलो होतो. डॅशबोर्डच्या कडेला बोट टेकवलं की बोटाला तीच थरथर लागायची.

नॉब मऊ केला तर आरसा बराच शांत व्हायचा. पण मग वेगात लांब लाटेवरून जाताना गाडीचं नाक उठून एकदा जास्तच हलायचं. नॉब एकच, बारीक धक्के आणि मोठी हालचाल यांचा वेगळा हिशेब त्यात करता येत नव्हता. टायरमधली हवा कमी-जास्त करून पाहिली, टायर बदलल्यावर पाहिलं, चाकं पुन्हा बॅलन्स करून घेतली. फरक पडला, पण रेघांचे ठिपके होण्याइतका नाही. शॉकमधल्या गॅसच्या दाबामुळे आणि सीलच्या घर्षणामुळे तो अगदी छोट्या हालचालीला अडून बसत असावा, असा माझा अंदाज आहे. माझ्याकडे मोजमाप नाही. दुसऱ्या बनावटीच्या किटमध्ये हे कमी असू शकेल. तसं असेल तर मला आनंदच आहे.

लिव्हर शॉक नव्या बेअरिंगसह आणि नव्या सीलसह पुन्हा बांधून घेतले, व्हॉल्व्ह मूळपेक्षा किंचित कडक करवले, आणि त्याच वेळी खालच्या विशबोनचे आतले बुश व्ही8 मॉडेलचे घातले. त्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, आरशात दिवे ठिपके म्हणून दिसायला लागले. अजूनही थोडी थरथर आहेच, ही शेवटी उघडी गाडी आहे. पण मागच्या गाडीचा चालक एकटा आहे की शेजारी कुणी बसलंय हे दिसतं. मला तेवढं पुरलं.

बुश आणि शॉक एकत्र बदलल्यामुळे श्रेय कुणाला किती, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न योग्यच आहे. मूळ बुश नुसत्या रबराचे, दोन भागांचे असतात आणि लवकर चेपतात. 1973 ते 1976 मध्ये निघालेल्या एमजीबी जीटी व्ही8 साठी धातूची स्लीव्ह असलेले एकसंध बुश वापरले गेले, आणि ते साध्या एमजीबीलाही बसतात. माझ्या मते पुढच्या सस्पेन्शनवर करावा असा सर्वात शहाणा बदल हाच, मग वर शॉक कुठलाही असो. किटवाल्या गाडीतही हे बुश घातल्यावर स्टीअरिंगला नेमकेपणा येतो, पण आरशाचा त्रास त्याने पूर्ण जाईल असं मला वाटत नाही. मित्राच्या गाडीत हे बुश होते आणि त्याचा आरसाही रेघाच ओढत होता.

पॉलियुरेथेनचे बुशही बरेच जण सुचवतात. टिकतात, तेलाने खराब होत नाहीत, वळणावर गाडी ताठ राहते. पण ग्रीस कमी पडलं की करकरतात, आणि बारीक धक्के गाळण्याच्या बाबतीत मला रबरच जास्त आवडतं. आपण ज्या त्रासाशी भांडतोय त्यात भर घालणारी गोष्ट कशाला घ्यायची, एवढाच माझा विचार.

कॉइलओव्हरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचा गिऱ्हाईक वेगळा आहे. इथे लिव्हर शॉक पूर्णपणे जातो, वर खरा विशबोन येतो, आणि स्प्रिंगच्या आत शॉक बसतो. काही प्रकारांत किंगपिनही जाऊन बॉल जॉइंट येतात, म्हणजे ग्रीसिंगचं कामही जवळपास संपतं. सर्वात मोठा फायदा कॅम्बर जुळवता येण्याचा. कारखान्याच्या मापाप्रमाणे एमजीबीच्या पुढच्या चाकांना साधारण एक अंश पॉझिटिव्ह कॅम्बर असतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागचा कल) सात अंश, जे आजच्या टायरवर जोरात वळताना साथ देत नाही. मित्राच्या गाडीचं नाक वळणात असं शिरायचं की माझी गाडी त्यापुढे सुस्त वाटायची. ट्रॅकवर जाणार असाल तर पुढचं वाचण्याची गरज नाही, कॉइलओव्हरच घ्या. रोजच्या रस्त्यावर मात्र त्याच्या गाडीत रोझ जॉइंटची (रबर नसलेल्या धातूच्या सांध्यांची) टिकटिक ऐकू यायची, आणि त्या सांध्यांना धूळ-पाण्यापासून जपणारं आवरण नसेल तर ती टिकटिक दर पावसाळ्यानंतर वाढते. शिवाय मूळ रचनेवर परत यायचं तर काम मोठं. जुने भाग जपून ठेवले असतील तरच ते शक्य.

रबर बंपरवाल्यांसाठी. 1974 च्या अखेरीपासून गाडी दीड इंच उंच केली गेली आणि पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं झुकणं आवरणारी दांडी) काढून टाकला गेला; 1977 च्या मॉडेलपासून पुढे-मागे दोन्हीकडे बार आले. मधल्या काळातली रोडस्टर तुमच्याकडे असेल आणि ती वळणावर फार झुकत असेल, तर दोष शॉकचा नसण्याची शक्यता जास्त. आधी बार बसवा, मग शॉकचा विचार करा. उंची कमी करायला क्रोम बंपरच्या गाडीचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन धरणारी आडवी चौकट) टाकावा असं कोणी सांगेल, पण स्टीअरिंग रॅकची बैठक दोन्हींत सारखी नाही. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. नुसत्या आखूड स्प्रिंग टाकून फार खाली गेलात तर बंप स्टॉप, म्हणजे हालचाल अडवणारा रबरी ठोकळा, लवकर लागतो, आणि मग कुठलाही शॉक कडकच वाटतो.

माझं मत एव्हाना लक्षात आलंच असेल. गाडी रस्त्यावर चालवायची आहे, जमेल तसे लांबचे प्रवास करायचे आहेत, आणि मूळ रचना मोडायची इच्छा नाही, तर आधी लिव्हर शॉक चांगले बांधून घ्या. हेच सर्वांना योग्य असं मी म्हणणार नाही. सतत खराब रस्त्यावर जोरात गाडी हाकणाऱ्याला किट बरं वाटेल, आणि जीटीत आरशाचा हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. पण किट नंतरही लावता येतं, आणि त्यालाही चांगले लिव्हर शॉक लागतातच. म्हणजे आधी केलेला खर्च वाया जात नाही. उलट दिशेने तसं नाही.

अट एकच, बांधणी खरी हवी. धुऊन, रंगवून, आत जाड तेल भरून दिलेला शॉक पहिले काही आठवडे छान चालतो, कारण जाड तेल विरोध करतं. पण शाफ्टचं बेअरिंग जुनंच असतं, म्हणजे हलणारा विशबोन तसाच. घेताना दोन गोष्टी विचारा: शाफ्टला नवीन बेअरिंग घातलं का, आणि सील कुठल्या प्रकारचं. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा कारागीर पाहा. तेल भरण्याचा प्लग उघडताना भोवतीची माती आधी पुसून काढा. एक कण आत गेला तरी व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

काम काढणारच असाल तर एक सोय माहीत असू द्या. एमजीबीचा पुढचा क्रॉसमेंबर चार मोठ्या बोल्टवर आहे. ब्रेकच्या नळ्या, स्टीअरिंगचा जोड आणि ते बोल्ट सोडले की पूर्ण सस्पेन्शन चाकांसकट बाहेर काढता येतं. शॉक, बुश, किंगपिन सगळंच करायचं असेल तर गाडीखाली आडवं पडून एकेक भाग काढण्यापेक्षा हे मला सोपं गेलं. बोल्टखालचे रबर पॅड तेव्हाच बदलून टाका, ते बहुधा चेपलेलेच निघतात. किंगपिनला ग्रीस भरताना चाकं अधांतरी ठेवा, म्हणजे ग्रीस वजन पेलणाऱ्या भागापर्यंत पोहोचतं. एका बाजूला तीन निपल आहेत, आणि मॅन्युअलमधलं 3000 मैलांचं, म्हणजे सुमारे 4800 किलोमीटरचं अंतर पाळण्यासारखं आहे.

आणि व्ही8 चे बुश घातलेत तर खालच्या विशबोनचे नट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी हवी. हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं, आणि गाडी नेहमीपेक्षा उंच उभी राहते. व्हील अलाइनमेंट त्यानंतर, गाडी थोडी चालवून, सगळं बसल्यावर करा.